पिवळी भुकटी

बस रं गुंडा. तुझी गाडी काय पळून जात न्हाई. मिरजेत रेल्वे साडेपाचला, आता कुठं दोन वाजल्यात — सूनबाई बाळाची दुपटी भरतीया, तवर बस. च्या घेतलास का? घेतलास व्हय, मीच दिला. बरं.

सेलमला चाललीत दोघं, सूरजकडं. गलाईचं दुकान हाय आपलं — सोनारांची मोड आणायची, वितळवून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची. चाळीस वर्सं मी चालवलं, आता लेक चालवतो. खाली भट्टी, वर फळ्यांचा माळा, माळ्यावर संसार. मी तसाच राहिलो की. काय झालं मला? डोकं शाबूत हाय. हात हलतो, तो वयानं. हसू नको.

चांदीत शिसं घालायचं — शिसं सगळी घाण ओढून घेतं, मग धूर निघतो. तोंडाला फडकं? आमच्या उस्तादानं कवा बांधलं न्हाई, मी कशाला बांधू. धूर गोड लागायचा तोंडात. फळ्यांवर त्या धुराची पिवळी भुकटी बसायची, आन् मंगल — ती बघ, उंबऱ्यात शेंगा सोलतीया. ऐक, मोजती. एक, दोन, तीन, चार — परत एक. बेचाळीस वर्सांची लेक माझी. दीड वर्साची असताना घडाघडा बोलायची. गावाला मी सांगितलं, ताप डोक्यात गेला.

ताप आलाच नव्हता.

बोट लावून चाटायची फळी. गोड लागायची ना. तिची आई म्हणायची, आवं, उचला तिला तिथनं. मी म्हणायचो, गलाईवाल्याची लेक हाय, चाटू दे. सगळी हसायची.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईनं माझा हात बघून इचारलं होतं — आजोबा, शिशाचं काम केलंय का? न्हाई म्हणलो. दुकानाचं नाव जातं. सूरज मागनं झाला, हितंच वाढला आईजवळ, त्याला ह्यातलं काय ठावं न्हाई. आन् तुला का सांगत बसलोय मी?

बाळ आठ म्हैन्यांचं हाय. परवापासनं रांगतंय. सापडंल ते तोंडात घालतं.

आलीस व्हय सूनबाई — थांब. ती पेटी खाली ठिव. ठिव म्हणतो ना. बाळ दे हिकडं, आन् सूरजला फोन लाव. मीच बोलतो.

तू ऊठ रं. बघतोस काय — जा. रिकामी घेऊन जा गाडी.