इंग्लंडातनं आनलेल्या घराचा चुना

आमी मूळचे म्हसवडकडचे लोणारी, म्हंजी चुना भाजनारी मानसं, माझ्या बापाची वढ्याच्या काठाला चुनाभट्टी व्हती आन् मला कळाय लागलं तवापास्नं मी चुनकळीवर, म्हंजी भट्टीतनं भाजून निघालेल्या खड्यांवर, पानी वतायचं काम केलं, पानी पडलं की कळी अशी फुलती, अशी शिजती, की बघतच बसावं. लगीन झालं ते बी लोणाऱ्याच्याच घरात. पुढं सिमिट आलं, भट्ट्या थंड झाल्या, आमचे मालक बी गेले, पर माझा ल्योक दत्तू शिकला, इंजिनेर झाला आन् अमेरिकेत ह्या कॅरी गावाला ऱ्हायला आला. ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्सांनी त्यानं मला हिकडं आनलं.

काय सांगू तुमाला, पयले सा म्हयने मी खिडकीत बसून नुसत्या मोटारी बघितल्या. माझी सून नीलिमा पुन्याची, घरांचे नकाशे काढनाऱ्या एका बाईच्या हापिसात कामाला. ती एक दिस म्हनली आई, चला माझ्याबरोबर साइटवर, घरी बसून बोअर होतंय तुम्हाला. तासभर तिनं गाडी चालवली आन् पाइनच्या झाडीत ते घर दिसलं. लाल इटांचं, वर उंच पिळाची धुराडी, माडीला काळ्या लाकडांच्या चौकटी आन् मधी पांढरा गिलावा, खिडक्यांना तळहातायवढ्या बारक्या बारक्या काचा. मी म्हनलं हे कुठलं गं? म्हनली आई, हे इंग्लंडचं, चारशे वर्षांपूर्वीचं, तिकडं पाडायला काढलं होतं, तर इथल्या एका तंबाखूवाल्या शेठनं विकत घेतलं, तुळयांवर नंबर घातले, विटा पेंढ्यात भरल्या आणि बोटीनं आणून इथं परत उभं केलं. मला लई नवल वाटलं. धरन झालं की गाव हलवत्यात, देव हलवत्यात, पर घर समुद्रापार? मी तिला भंडावून सोडलं, कुठला लंबर कुठं हाय, दाव मला, तवा तिनं मला जिन्याखाली वाकवून एका तुळईवरचा रंगवलेला आकडा दावला.

तर त्या घराची उगवतीची बाजू वली झाली व्हती. घर संभाळनारी कमिटी म्हनत व्हती येवढा भाग पाडू, आत काँक्रीट घालू आन् भाईरनं इटा चिकटवू. मी भितीला हात लावला तर इटंचा पापुद्राच हातात आला, पिठावानी, आन् मधल्या दरजा, इटांच्या सांधी, मातुर लोखंडावानी ताठ. सिमिट! एका जागी ते निघालं व्हतं, तिथं बोट घातलं, आतनं पांढरं आलं ते मी जिभंला लावलं.

मागनं कुनीतरी हासलं. अर्ल त्याचं नाव, तिथला जुना गवंडी, काळासावळा, माझ्या मामावानी दिसनारा, साठीचा आसंल. नीलिमाला म्हनला, तुझी सासू आमचं घर खातीया. मी म्हनलं त्याला सांग, आतला चुना खरा हाय, ज्यानं कुनी वरनं सिमिट भरलं त्यानं पानी कोंडलं, दरजंतनं वाट न्हाई म्हनून ते इटंतनं फुटतंय. नीलिमानं सांगितलं तसं त्याचं हासू गेलं. म्हनला, म्याच भरलं, लई वर्सं झाली, मला घट्ट कर म्हनले, म्या घट्ट केलं.

नीलिमाच्या हापिसातल्या बाईनं कमिटीकडनं एका हिवाळ्याची मुदत मागून घेतली आन् आमाला बागंकडच्या भितीचा तुकडा दिला. दुकानातला पिशवीचा चुना मला पसंत पडंना, तवा नीलिमानं फोन करकरून लांबच्या भट्टीतनं कळी आनली. पिपात पानी वतलं, रटारटा शिजाय लागलं, वाफ उठली, समदी मागं पळाली, आन् अर्ल एकटा वाकून बघत ऱ्हायला. मी नव्वारीचा वचा खवून कालवत व्हते, अंगात पुन्ना बळ आलं व्हतं.

आन् मंग फजिती झाली. बर्फ पडलं, आन् थंडी सरता सरता माझा समदा चुना भुगा हून खाली आला. लई लाज वाटली मला. नीलिमाला म्हनलं, आता मला नेऊ नगस, माझं ग्यान म्हसवडचं, तिथं कुठलं आलंय बर्फ. तर अर्लच आमच्या दारात हुभा, टोपी हातात धरून. म्हनला, आपन थंडीच्या तोंडावर भरलं, त्याला सुकाय सवड मिळाली न्हाई, आन् वाळू बी लई बारीक. हितली थंडी मला ठावं व्हती, तरी म्या बोललो न्हाई. मी म्हनलं का न्हाई बोललास? तर म्हनला, मला कुनी कधी इचारलंच न्हाई, सवय गेली.

मंग हापिसातल्या बाईनं कमिटीकडनं आजून एक हिवाळा मागितला आन् आमी मे म्हयन्यात पुन्ना भरलं, वाळू त्याच्या पसंतीची, चुना माझा, वर वली पोती टांगली, आन् रोज पानी मारलं. पुढच्या हिवाळ्यात कन बी हालला न्हाई. नीलिमानं कमिटीतल्या मानसांना भितीशी नेऊन हात लावाय लावला, आन् तवा कमिटीच म्हनली, पाडायचं न्हाई. दोन धुराडी मातुर आधीच कलली व्हती, ती उतरावीच लागली, ती काय आमच्यानं वाचली न्हाईत.

पुढं सिमिट काढायचं काम बी अर्लनंच केलं, छन्नीनं, बारीक बारीक ठोकं देऊन, इटंला लागू नये म्हनून. आपल्याच हातचं काम काढत व्हता तो, दोन वर्सं. मी इचारलं, वाईट वाटतंय का रं? तर म्हनला, ह्या कोपऱ्याची दरज लई देखनी भरली व्हती म्या. बास, येवढंच. मंग ती बी काढली.

आता गुडघं धरल्यात, पर शनवारी नीलिमा मला घिऊन जाती, मी बाकावर बसते. परवा एक म्हातारी इंग्रज बाई आली, काठी टेकत, आन् भितीला गाल लावून हुभी ऱ्हायली. नीलिमानं इचारलं तर ती ह्या घराच्या मूळ गावची निघाली, ल्हानपनी बापाच्या खांद्यावर बसून तिनं हे घर उतरताना बघितलं व्हतं. मला ऱ्हावंना. म्हनलं इचार तिला, जिथनं घर उचललं तिथं आता काय हाय? ती म्हनली, तळघराचा खड्डा ऱ्हायला व्हता, त्यात पानी साचून तळं झालंय, बदकं येत्यात, मेंढरं पानी पित्यात. मला लई बरं वाटलं. मी तिचा हात धरला आन् म्हनलं, बाई, तिथं तुमचं तळं सुखात ऱ्हावं आन् हितं हे घर सुखात ऱ्हावं. नीलिमा म्हनली आई, हे इंग्लिशमध्ये कसं सांगू? म्हनलं, सांग जमंल तसं.