बुटकीची जागा

नाही काकू, बसत नाही, पाणीही नको – म्हणजे द्या, पण उभ्यानंच घेते – मी फक्त कागद न्यायला आलेय. तुमच्या प्रिंटरमधून अर्ध्या तासापूर्वी कागद आले असतील ना, सात? सातही सारखेच. ते माझे आहेत. मी तुमच्या सुनेची कॉलेजातली मैत्रीण, लग्नात तुमच्या चपला घालून घरी गेले होते ती. हळू बोलूया का जरा? ती आतल्या खोलीत असेल, तिला कळायला नको मी आलेय. तुमचंही काही चाललं होतं वाटतं, हातात पेन्सिल आहे – कोडं सोडवत होतात? सोडवा, सोडवा. कागद दिलेत की मी चालले.

कसे आले म्हणजे, मी पाठवले, माझ्या घरून. चुकून. नाही हो, डोकं ठिकाणावर आहे माझं, थांबा, सांगते. आम्ही चौघं कॉलेजात एक खेळ खेळायचो, कंप्यूटरवरचा, किल्ल्यांचा – आपापला किल्ला बांधायचा, लाकडं तोडायची, गाढवं पाळायची, मग एकमेकांच्या भिंती पाडायच्या. खेळ म्हातारा, वीस-बावीस वर्षांचा, आणि त्याचा हट्ट असा की सगळे कंप्यूटर एकाच घरात, एकाच वायरीला हवेत. तेव्हा होतेच – हॉस्टेलची खोली, जमिनीवर वायर, वायरीत पाय अडकून पडणारी मी. आता एक जण दात काढतो, एक गटारांचे नकाशे काढतो, बुटकी लॅबमध्ये रक्त तपासते – बुटकी म्हणजे तुमची सूनच, उंच आहे ना, म्हणून – आणि मी, मी असते घरी, भाषांतरं करते औषधांच्या डब्यांतल्या त्या चिठ्ठ्यांची, दुष्परिणामांची. असो. तर दातवाल्यानं शोधून काढलं की आभासी नेटवर्क म्हणून एक असतं, ते चौघांनी सुरू केलं की चारही कंप्यूटरांना वाटतं आपण अजून एकाच घरात आहोत. आपली माणसं पांगली हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, बिचाऱ्यांना. दर रविवारी, चार वाजता. आणि घर एक म्हटल्यावर प्रिंटरही घरातलाच, नाही का? कॉलेजात सगळ्यांची प्रोजेक्टं बुटकीच्याच प्रिंटरवर निघायची, तोच तिनं सासरी आणला, आणि माझा कंप्यूटर अजून त्यालाच आपला मानतो. मी आज खेळता खेळता छापायचं बटण दाबलं, माझा प्रिंटर गप्प. वाटलं झोपलाय. पुन्हा दाबलं. सात वेळा दाबल्यावर बघितलं कुठे चाललंय ते, आणि काकू, मी जी उठले ती चपला घालून बसमध्येच – आज माझ्याच आहेत, बघा. म्हटलं, प्रिंटर बाहेरच्या खोलीत असतो, खेळ सुरू असताना ती उठायची नाही, तेवढ्यात गाठू.

वाचलं नाहीत ना तुम्ही? नाही, वाचलं असलंत तरी – वाचलंत. बरं. म्हणजे मग तिला लिहिलेल्या पत्रातली तुमच्याबद्दलची ती ओळ – ओळ कसली, कंसात आहे ते. ‘सासूबाई मागे उभ्या राहत असतील म्हणून तुला बोलता येत नसेल.’ मी शक्यता लिहिली हो, काळजीपोटी. कारण ती बदललीय, काकू. आधी बुटकी कशी खेळायची – लाकडं तोडायची, शेताला कुंपण घालायची, कुणाची भिंत पाडायची वेळ आलीच तर माइकवर आधी सांगायची, ‘येतेय गं, गाढवं आत घे.’ आता माइक बंद. तीन महिने एक शब्द नाही. न सांगता येते, उत्तरेकडून, भिंत पाडते आणि जाताना गाढवंही नेते. मागच्या रविवारी चौदा. मी दचकते हो, मला आधीच दाराची बेल वाजली तरी धडधडतं – मग मी लिहिलं की तू क्रूर झाली आहेस आणि आम्ही तिघांनी ठरवलंय, यापुढे तू येऊ नकोस. तिघांनी म्हणजे – बाकी दोघांना माहीत नाही अजून. तिघांनी म्हणजे मीच. पण पाठवणार नव्हते. स्क्रीनवर ठेवलं असतं तर चुकून गेलं असतं, म्हणून म्हटलं कागदावर वाचून बघू. सावधगिरी म्हणून छापलं, काकू.

आणि ती नाही आली तर मग मी तरी – नाही, म्हणजे बाकीच्यांना संसार आहेत, मुलंबाळं आहेत. मला रविवार आहे. सोमवारपासून मी त्या गाढवांचाच विचार करत असते, आता हे तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे. तर ते कागद द्या, ती बाहेर यायच्या आत.

घरात नाही? मग कुठे गेली? लॅबमध्ये – आज, रविवारी? सहाला सुटते, बरं, मग उत्तमच, घाई नाही, मी उगीच कुजबुजत होते. काय? दर रविवारी? तीन महिने झाले रविवारची ड्यूटी लागून? पण काकू, चार वाजता तर ती – आत्ता मी निघाले तेव्हा ती माझ्या उत्तरेच्या भिंतीशी शिड्या घेऊन –

आत दिवा का चालू आहे?

त्या खुर्चीत दोन उशा आहेत. बुटकीला उशा लागत नाहीत, उंच आहे ती. तो चष्म्याचा डबा – तुमचा चष्मा कपाळावर आहे, काकू. कपाळावर आहे.

तिनंच बसवलं तुम्हाला? तो नियम, हो, माझाच आहे – तीन रविवार जो येणार नाही त्याची जागा गेली – मीच केला होता, कॉलेजात, लांबूच्या दांड्या वाढल्या म्हणून. लांबू म्हणजे गटारवाला. मग तिनं सांगायचं नाही का, मी मोडला असता नियम. नसता मोडला, बरोबर आहे तुमचं. म्हणजे जागा जाऊ नये म्हणून ती तुम्हाला म्हणाली नुसती लाकडं तोडत बसा – आणि तुम्ही लाकडं तोडलीत, किती रविवार? एक. एकच रविवार.

तिला जागा ठेवायची होती. बरं. मला पाणी द्या आता, बसते जरा. मी समजत होते की ती आम्हाला कंटाळली.

हे घ्या, म्हणजे द्या, कागद. सहाच आहेत. सातवा? टेबलावर, वही म्हणून – पाठकोरा होता म्हणून वापरलात, काही हरकत नाही, फाडूनच टाकायचा – हे काय आहे? ही विहीर. हे धान्याचं कोठार. हा माझा किल्ला आहे. पेन्सिलीनं किती सुबक काढलाय, मला स्वतःला माहीत नव्हतं मागच्या बाजूला फट राहिलीय ते. हा बाण कसला? आणि इथे ‘गाढवे – ११’ लिहून खाली दोन रेघा?

काकू, हे आजचं आहे का?

नाही, तुम्ही घड्याळ बघू नका. बाकी दोघं खेळतच आहेत ना आत, मग तुम्ही जरा थांबलात तर काय होतंय, बसनं वीस मिनिटं लागतात मला, आज रविवार, कधी कधी पंचवीस – माझा किल्ला तसाच उघडा पडलाय, दार लावायलाही कुणी नाही. बुटकी असती तर सांगून आली असती. तुम्ही निदान उत्तरेकडून – हो, निघते. दाराकडे बोट कशाला, कळतं मला. पेला इथे ठेवते. दार मी ओढून घेते.

काकू, चष्मा खाली नका ना घेऊ इतक्यात.

काकू?