अवंतिकाची हजेरी

मुरारला जाणाऱ्या ई-रिक्षात माझ्यासमोर बालवर्गाची एक तरुण शिक्षिका आणि तिच्या वर्गातल्या मुलीची आजी बसल्या होत्या.

"मॅडम, अवंतिकाला मी स्वतः शाळेत सोडून येते. मग मागच्या महिन्यात ती आठ दिवस गैरहजर कशी?"

"चूक माझी आहे, काकू. मी नवीन होते. नाव घेतलं की सगळी मुलं 'प्रेझेंट मॅम' म्हणायची. ती काहीच म्हणायची नाही."

"ती बोलतच नाही हो अजून."

"पण नाव घेतलं की डबा वाजवायची. आणि मी रजिस्टरमधून वर न बघता ओरडायचे, आवाज नको!"

"मग गप्प बसायची?"

"दुसऱ्या दिवशी परत वाजवायची. नवव्या दिवशी मी वर बघितलं. माझ्याकडेच बघत होती."

"सून म्हणते, शाळेतून काढून घेऊ. बाकीची मुलं पुढे जातील, ही एकटी मागे राहील."

"कालचं तर ऐका. तिचा डबा वाजला की ती हजर, हे आता सगळ्या वर्गाला माहीत आहे."

"काल तर ती तापाने घरी होती."

"हो ना. तरी तिचं नाव घेतल्यावर डबा वाजला. बघते तर तिच्या शेजारी बसणारा समरजीत! म्हटलं, अरे, ती आलीच नाहीये. तर म्हणतो, 'वो रोज आती है, मॅम. आज की भी लिख लो ना.'"

"असं म्हणाला?"

"काकू, एवढ्यात शाळेतून तिचं नाव नका काढू."

"सुनेने प्लॅस्टिकचा नवा डबा आणलाय. ताप उतरू दे, जुना स्टीलचाच देऊन पाठवते."