वसुधेचा विमा

विचारलेत म्हणून सांगते. माझी भाची वसुधा केनियातील शाळेत स्वयंसेवा करून म्हैसूरला परतली आणि तिला पाठवणाऱ्या संस्थेने काढलेला तिचा आरोग्यविमा त्याच आठवड्यात संपला. नव्या विम्यासाठी मी हूटगळ्ळीचे विमा प्रतिनिधी शिवण्णा यांना घरी बोलावले.

“ऑपरेशन वगैरे काही झालंय का, अम्मा?” त्यांनी तिला विचारले.

“एक किडनी काढलीय.”

घरात आम्हां कोणालाही हे ठाऊक नव्हते.

“अय्यो, कसला आजार होता?”

“आजार मला नव्हता. तिथल्या शेजारणीला होता. तिला दिली.”

शिवण्णांनी पेन खाली ठेवले. “आता कंपनी पॉलिसीच नाकारेल बघा. द्यायला तिथं दुसरं कुणी नव्हतं का?”

“होते की. सगळी वस्ती तपासणीच्या रांगेत उभी होती. माझी जुळली, एवढंच.”