डब्यात जागा हाय की!

...न्हाई, पण मी म्हणतो, चांगली चाललेली गाडी, तिला डबे लावायची अवदसा आठवलीच कामून? तुम्हाला सांगतो, गाडीला आरसा नसला तरी चालतं, हॉर्न नसला तरी चालतं, आमच्या नांदेडात तर दोन्ही नसलेली माणसं तरोड्यापासून वजिराबादपर्यंत रोज सुखरूप जाऊन राहिलीत... पण डबे? नाव काढू नका! गाडीला डबा दिसला की चांगल्या चांगल्या माणसाला काय होतं कोण जाणे, लगेच म्हणतो, "जागा हाय की!"

आता हे कोणाचं सांगून राहिलो? तर आमच्या आनंदराजचं. कॉलेजच्या हापिसात माझ्या शेजारच्या टेबलाला बसतो, एकवीस वर्षं झाली. घरं बी एकाच गल्लीत. मोटरसायकली बी आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतल्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. हे जरा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार हाय. माणूस गरीब. मोठ्यानं बोलणार न्हाई, कोणाला "न्हाई" म्हणणार न्हाई. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती... समुद्र! तसा समुद्र त्यानं बघितला होता, दादरला, सहा डिसेंबरला, रांगेत उभं राहून, हजार लोकांच्या डोक्यांवरून, ते बी एवढासा. पण मपल्या गाडीवर जावं, गाडी किनाऱ्याला लावावी, बूट काढावेत अन् एकट्यानं गप बसावं... हे न्हाई झालं कधी. अठ्ठेचाळीस वर्षाचा झाला. म्हणला, "व्यंकट्या, औंदा जायचं म्हणजे जायचं. फक्त बॅगचं तेवढं बघतो."

फक्त बॅगचं! तीन महिने बॅगच बघून राहिला, अवो! मोबाइलवर एक दाढीवाला पोरगा, मागं बर्फाचे डोंगर, अन् तो बॅगांची मापं सांगून राहिला लिटरमधी. आम्ही आपले चहा प्यायला खाली उतरायचो की आनंदराज सुरू. "हे बघ, कपड्याच्या बॅगा हलक्या. पण सायलेन्सरला टेकल्या की जळतात, अन् कुलूप न्हाई. टाकीवरची बॅग चांगली, पण..." मी म्हणलो, पण तुझं पोट अन् टाकी यांच्यात जागा कुठं हाय? "म्हणून तर ती नको. मागं एकच मोठा डबा लावला तर बाजाराला चांगला, पण लांबच्या रस्त्याला मागं वजन पडतं, वारा लागला की गाडी हलती. दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे लावले तर टूरला राजा! पण मग भाजी मार्केटात हातगाड्यांना घासतात..." म्हणजे टूरचं घ्यावं तर बाजाराला अडतं, अन् बाजाराचं घ्यावं तर टूरला नडतं. हापिसातल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी मत दिलं, त्यातल्या एकाकडं बी टूरची गाडी न्हाई.

तिथपर्यंत ठीक होतं हो. पण घरी सांगावं लागलं. लुंबिनी वहिनी म्हणल्या, "एकट्यानं फिरायला, अन् त्याच्यासाठी डबे? वर्षातून एकदा जाणार, मग बाकीच्या दिवसाला ते डबे काय पुजायचे?" अन् तुम्हाला सांगतो, इथं... ह्या जागी... त्या माणसाची जीभ झडली असती तर बरं झालं असतं! आनंदराज काय म्हणला? म्हणला, "अगं, टूर एकदाच. एरवी घरच्या कामालाच येतील की!"

झालं! घरच्या कामाला म्हणलं की ती वस्तू घरची. वहिनी दुकानात सोबत आल्या. महादेवप्पाचं दुकान, देगलूरकडचा माणूस, मधीच कानडीत हिशेब करणार. महादेवप्पा म्हणून राहिला, "सायेब, हे तीस लिटरचं घ्या, गाडीला शोभतंय." आनंदराजच्या डोळ्यात तर लाटाच उसळल्या. तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून काय काढावं? कुकर! पाच लिटरचा, शिट्टीसकट! अवो, माप घ्यायला घरून कुकर घेऊन आली बाई! तीस लिटरच्या डब्यात कुकर बसला, पण दांडा आडवा आला, झाकण लागंना. वहिनी म्हणल्या, "हा नको." महादेवप्पानं पंचेचाळीसचा काढला. कुकर आत, दांडा आत, झाकण खट्ट! अन् वरून वहिनी म्हणती, "अजून जागा हाय की!"

असे टूरचे डबे कुकरवर ठरले. एक डावीकडं, एक उजवीकडं. घरी आला तर गाडी फाटकातून जाईना. रोज दोन्ही पल्ले उघडायचे, मग साहेब आत. पण खुश होता बिचारा. रविवारी डबे पुसायचा, आतून बी पुसायचा.

अन् मग सुरू झालं. पहिल्या आठवड्यात दळण. दुसऱ्यात शेजारच्या रेणुकाबाईंच्या घरचं दळण. "भाऊ, तुम्ही जाऊनच राहिलात, डब्यात जागा हाय की!" मग बुद्धविहाराच्या कार्यक्रमाची दोनशे ताटं, तीन खेपा. मग कोणाचा गॅसचा रेग्युलेटर, कोणाची शिवायला टाकलेली वाकळ, कोणाच्या सासऱ्याची दवाखान्यातली उशी. भाजी मार्केटात एका हातगाडीवाल्यानं शिव्या दिल्या, आनंदराजनं ऐकून घेतल्या. म्हणायचा, "राहू दे रे. टूरला गेलो की सगळं वसूल."

निघायचा दिवस ठरला. रविवार धरून पाच दिवस रजा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर, तिथून तुळजापूरकडून खाली... थेट कोकण! आता तुम्हाला आपल्याकडची रीत माहीत हाय. कोणी गावाला जाऊन राहिला अन् त्याच्या हाती कोणी काही दिलं न्हाई, असं झालंय का कधी? आदल्या दिवशी संध्याकाळपासून गल्ली लागली रांगेला. लेक धम्मप्रिया लातूरला शिकायला हाय, नीटच्या क्लासला, तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू, चार पुस्तकं, एक गोधडी. लोह्याच्या केवळामावशीसाठी औषधाच्या गोळ्या अन् साडी. अहमदपूरला रेणुकाबाईंच्या बहिणीसाठी लोणच्याची बरणी. अन् खोटं कामून बोलू... मी बी दिलो. निस्तं मिक्सरचं एक भांडं, मपल्या मेव्हणीसाठी, लातूरला. मी म्हणलो, आनंद्या, एवढंसंच हाय, जागा हाय की! माझ्याकडं असं बघितलं त्यानं... पण घेतलं.

आता राहिले त्याचे मपले कपडे. दोन शर्ट, एक पँट, टॉवेल. डबे तर कोंबून भरलेले! शेवटी वहिनींनी दिली बाजाराची कापडी पिशवी, कापडाच्या दुकानातली, मावेल तेवढं त्यात भरलं अन् पाठीला बांधलं. तीन महिने लिटर मोजलेला माणूस पिशवी पाठीला बांधून समुद्राला निघाला.

लोह्यात पोचला तर केवळामावशी दारातच. गोळ्या घेतल्या, साडी घेतली. डाव्या डब्यात हाताएवढी मोकळी जागा झाली, आनंदराजला बरं वाटलं. मावशी म्हणली, "थांब." आत गेली अन् पायलीभर हुलगे घेऊन आली. "लुंबिनीला दे." आनंदराज म्हणला, "मावशी, मी घरी न्हाई, समुद्राकडं जाऊन राहिलो." मावशी म्हणली, "मग परत येणारच हायेस ना? अन् बाळा, आलेलं भांडं रिकामं धाडायचं असतं का? लोक काय म्हणतील मला?"

ही, ही रीत हाय आपली! शेजारणीनं वाटीभर भाजी धाडली तर वाटी रिकामी परत करायची न्हाई, निदान चिमूटभर साखर तरी टाकायची. वाटीपुरतं ठीक हाय हो, पण पंचेचाळीस लिटरला बी तेच? अहमदपूरला लोणचं उतरलं, मिरच्या चढल्या. लातूरला धम्मप्रियाच्या वसतिगृहावर गोधडी उतरली तर पोरीनं हिवाळ्याचे कपडे अन् मागच्या परीक्षेची पुस्तकं चढवली. "पप्पा, घरी न्या ना, जागा हाय की!" माझ्या मेव्हणीनं सुद्धा... जाऊ द्या, तिचं सांगत न्हाई. मिक्सरचं भांडं घेतलं अन् मला तीन किलो तुरीची डाळ धाडली.

पण खरी बाजी पलटली ती नीलाबाईकडं. त्याची मोठी बहीण, लातूरच्या कडंला राहती, म्हशी पाळती. आई गेल्यावर ह्याला हिनंच वाढवलेलं. जेवू घातलं, डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणली, "आनंदा, म्हैस व्यालीय. पयल्या धारेचा चीक ठेवलाय तुझ्या बायकोसाठी. तिला खरवस लई आवडतो. ऊन लई हाय, नासायच्या आत पोचव, संध्याकाळच्या आत." बरणी बांधून डब्यात, हुलग्यांच्या वर. हा म्हणला, "अक्का... मी नांदेडला न्हाई..." अक्का तिकडं बरणीभोवती ओला फडका गुंडाळून राहिली. "मागल्या वर्षी आली तेव्हा मागत होती बिचारी. तेव्हा न्हवता," म्हणली. आता बोला! बहिणीला काय म्हणावं?

लातूरच्या बाहेर चौकात गाडी लावून उभा राहिला. एक रस्ता तुळजापूरकडं, एक नांदेडकडं. दहा मिनिटं नुस्ता उभा. मला त्यानंच सांगितलं, डोळ्यात पाणी आलं होतं म्हणे. समुद्र अजून चारशे-पाचशे किलोमीटर, अन् चीक आज संध्याकाळपर्यंत. बहिणीनं दिलेलं रस्त्यावर ओतायचं कसं?

आला माघारी. पाच वाजता गल्लीत. वहिनींना वाटलं काय झालं की काय! खरवस लावला, सगळ्यांनी खाल्ला, मी बी खाल्लो. लई चांगला झाला होता. आनंदराजनं दोन घास खाल्ले अन् उठला. पाना घेऊन बाहेर आला. टक्-टक् करत दोन्ही डबे काढले, सांगाडा काढला... अन् माझ्या अंगणात घेऊन आला. मी म्हणलो, आनंद्या, हे काय? म्हणला, "तुझी गाडी तीच की, नट बी तेच बसतात." स्वतःच्या हातानं आवळून दिले! म्हणला, "ठेव तुझ्याकडं." अन् पहाटे उठून गेला. पाठीला तीच कापडी पिशवी.

परवा फोन आला. "व्यंकट्या, ऐक, लाटा ऐक!" अन् फोन समुद्राकडं धरला. घूं... घूं... कोणीबी नव्हतं म्हणे आसपास. हसून राहिला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला असं हसताना ऐकलं न्हाई. मला बरं वाटलं, खरंच. मग मी म्हणलो, अरे पण तुझे डबे? म्हणला, "हालू... आवाज येईना..." अन् कट!

मी उघडून बघितले तर दोन्ही डबे भरलेले! हुलगे, मिरच्या, मपली डाळ, वरून वहिनींनी ठेवलेली खरवसाची वडी. सगळं काढून ठेवलं तर आमची बायको, राजकन्या, म्हणली, "अवो, वहिनीचे डबे रिकामे कसे द्यायचे? बरं दिसतं का?" सोलापुरी चादर घातली, लसणाची चटणी घातली, नेऊन दिले. वहिनी म्हणल्या, "भाऊजी, आमचे हे समुद्रावर, गाडी कुठं हाय डबे लावायला?" अन् धाडले माघारी. रिकामे? छ्या! नाचणीचं पीठ अन् पापड.

तर गल्लीत आता माझ्या गाडीला डबे हायेत. सकाळी रेणुकाबाई येऊन गेल्या दळण घेऊन. म्हणून तर तुम्हाला विचारून राहिलो... तुमच्यात कोणाची ह्याच कंपनीची गाडी हाय का? नट मी आवळून देतो. ...कोणीच न्हाई? ...बरं, बरं. मग निदान एक सांगा, लोह्याकडं कोणाचं काही पोचवायचंय का? उद्या जाऊन राहिलो. न्हाई, लाजू नका... जागा हाय.