देठ ठेवून

नर्सरीवाली : पाणी जास्त झालं असं मी म्हटलंच नाही, काका. किती घालता एवढंच विचारलं.

मिस्त्री : एक कप. सकाळी. ती घालायची तेवढंच.

नर्सरीवाली : कप तोच?

मिस्त्री : तोच. कान तुटलेला.

नर्सरीवाली : मग पाण्याचं दुखणं नाही. बोटभर खाली माती कोरडी आहे, मुळंही कुजलेली नाहीत. जरा कुंडी फिरवा इकडे. हळू हो! बॉन्साय आहे ते, लिफ्टची मोटर नाही.

मिस्त्री : मी लिफ्ट दुरुस्त करायचो, हे तुला कोणी सांगितलं?

नर्सरीवाली : काकूंनी. दोन महिन्यांतून एकदा यायच्या की हे झाड घेऊन. तुम्ही बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहायचात.

मिस्त्री : उशीर फार करायची.

नर्सरीवाली : "वाजवू दे," म्हणायच्या. "हॉर्न बिघडला की दुरुस्त करत बसतील, तेवढाच विरंगुळा."

मिस्त्री : असं म्हणायची? अजून काय म्हणायची?

नर्सरीवाली : आधी झाड बघू द्या. पानं पिवळी पडलीत, कडा करपल्यात, वर काळपट थर बसलाय. हात लावला की चिकट. कीड म्हणावं तर मुंग्या हव्यात. मुंग्या येतात?

मिस्त्री : एकही नाही.

नर्सरीवाली : कसला फवारा मारलात?

मिस्त्री : छे.

नर्सरीवाली : खत?

मिस्त्री : तू तिला दिलेली पुडी फोडलीसुद्धा नाही.

नर्सरीवाली : मग ही धूळ अशी चिकटून का बसलीय? थांबा. काका, या पानाला वास येतोय.

मिस्त्री : झाडाचा असेल.

नर्सरीवाली : वडाच्या जातीचं आहे हे. याला कुठला वास? हा तेलाचा वास आहे.

मिस्त्री : चाळीस वर्षं लिफ्ट सांभाळल्या मी. तेल दिल्याने काही बिघडलं, असं कधी पाहिलं नाही.

नर्सरीवाली : तुम्ही पानांना तेल दिलंत?

मिस्त्री : ती पुसायची ना रोज.

नर्सरीवाली : पाण्याने! ओल्या फडक्याने. मीच शिकवलं होतं त्यांना. अहो, तेलाने पान गुदमरतं. त्यात वरून ऊन. भाजून निघालीत बिचारी. आणि तेल कुठलं? मशीनचं?

मिस्त्री : वेडी आहेस का? डोक्याचं. तिचं.

नर्सरीवाली : काकूंचं?

मिस्त्री : घरीच उकळायची. त्यात काय काय घालायची, मी कधी विचारलं नाही. रविवारी तेल लावून खिडकीशी उन्हात बसायची, या झाडाशेजारी. ती गेल्यावर उशीला वास होता दोन महिने. मग सुनेने अभ्रा धुतला. तिची काय चूक, मळला होता.

नर्सरीवाली : तेलाची बाटली होती ना पण?

मिस्त्री : बाटलीला नुसता तेलाचा वास येतो. उशीला लावून पाहिलं, तरी तेच. मग एकदा पानं पुसली. हाताला आलं ते फडकं तिच्या तेलाचं होतं, माझ्या लक्षात नाही आलं. दुपारी खिडकीत ऊन आलं, पानं तापली. मी आतल्या खोलीत होतो, तिथवर तिचा वास आला.

नर्सरीवाली : मग?

मिस्त्री : मी आतून हाक मारली तिला.

नर्सरीवाली : बसा काका. त्या स्टुलावर बसा.

मिस्त्री : बरा आहे मी. तू झाडाचं बोल. साबणाच्या पाण्याने निघेल?

नर्सरीवाली : किती दिवस लावताय?

मिस्त्री : थंडी संपल्यापासून. रोज दोन थेंब.

नर्सरीवाली : तेव्हाच आला असतात तर निघालं असतं. आता ही पानं कापावी लागतील. एकूण एक.

मिस्त्री : सगळी?

नर्सरीवाली : एरवी आजारी झाडाला मी असं बोडकं करत नाही. पण ही पानं त्याला पोसत नाहीत, नुसती लटकलीत. हे बघा, नखाने साल खरवडली. आत हिरवं आहे. दम आहे त्याच्यात. महिन्याभरात नवीन फुटतील.

मिस्त्री : आणि नव्या पानांना?

नर्सरीवाली : पाणी.

मिस्त्री : एखाद्याच पानाला लावलं तर? खालच्या, मागच्या बाजूच्या?

नर्सरीवाली : काका.

मिस्त्री : नाही, आपलं विचारलं. ही पानं तिने पाहिलीत गं.

नर्सरीवाली : त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं ना? मग यातली बरीचशी नंतरची आहेत. तुमच्या हातची.

मिस्त्री : माझ्या हातची? आणि नाही कापली तर?

नर्सरीवाली : तर अजून पंधरा दिवस दुपारी वास येईल. मग पानं गळतील, मागोमाग फांद्या वाळतील, आणि कुंडीत काटकी उरेल. न्यायचं तर असंच न्या. मी अडवणार नाही.

मिस्त्री : कात्री कुठाय?

नर्सरीवाली : मी कापते ना.

मिस्त्री : दे इकडे. तेल मी लावलंय.

नर्सरीवाली : बरं. पण देठ ठेवून कापा. देठाच्या बगलेतूनच नवं पान येतं.

(मिस्त्री एकेक पान कापत जातो.)

मिस्त्री : अजून काय म्हणायची, ते राहिलंच.

नर्सरीवाली : म्हणायच्या, "हे आत येत नाहीत ते बरंय. आले तर तुझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल देत बसतील."

मिस्त्री : करकरतंच की ते. शिरतानाच ऐकलं मी.

नर्सरीवाली : मग महिन्याने या तेल घेऊन. येताना कोंब दाखवा.

मिस्त्री : आत यायला हवं होतं मी तेव्हाच. हॉर्न काय वाजवत बसलो. हं, हे शेवटचं पान.

नर्सरीवाली : उघडंबोडकं दिसतंय, पण घाबरू नका. तिथेच खिडकीत ठेवा. पाणी अर्धाच कप, पानं नाहीत तोवर तहान कमी. आणि हात धुऊन घ्या, तेल नि चीक दोन्ही लागलंय. नळ त्या तिथे, साबण पण आहे.

मिस्त्री : राहू दे. घरी जाऊन धुतो.