सलग तीन वर्षं अजिंक्य

सत्त्याऐंशी सालच्या चंदीगडात, बसच्या रांगेत पुढचं मराठी जोडपं आपल्याचविषयी बोलतंय हे कळताच सहा फूट तीन इंचांचा श्यामकांत गुडघ्यांत वाकला.

“अहो, मुलगा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन आहे. सलग तीन वर्षं अजिंक्य!”

“कर्फ्यूच्या धास्तीनं समोरचे संघ आलेच नाहीत, वसुधा. रिकाम्या मैदानात मीसुद्धा अजिंक्य झालो असतो.”

“खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागेल म्हणतात.”

“लागेल की. मुलाखतीला बाकीचे आले नाहीत तर.”

“उंची तरी बघा!”

“छताची जळमटं काढायला बरा आहे.”

“मग नकार कळवू?”

“नकार कसला? गोळीबाराच्या बातम्या वाचून पुण्याचं एक तरी स्थळ इथं आपल्या उल्काला बघायला आलंय? होकार कळव.”

मागे श्यामकांतनं गुडघे सरळ केले.